नोकरी-संसार सांभाळून शिकणारे असाइनमेंट उशिरा देतात, तेव्हा शिकवणाऱ्याने करायचं काय

मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर नाहीतर संध्याकाळच्या एखाद्या डिप्लोमाला नव्याने शिकवायला आलेल्या माणसाचा पहिल्याच सत्रात एक प्रश्न ठरलेला असतो, असाइनमेंट वेळेवर येतच नाहीत हो, करू काय? आणि मग तो कॉलेजातला नियम आणून लावतो, एक दिवस उशीर की दोन मार्क कट. अठरा-एकोणीसच्या पोरांना ते चालत असेल. इथे समोर पंचेचाळिशीचा हवालदार बसलेला असतो, गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताई असतात, पतसंस्थेतला क्लार्क असतो, आणि मार्क कापले म्हणून ही माणसं भांडत वगैरे नाहीत, ती पुढच्या रविवारपासून यायचीच बंद होतात. कधी गळाली तेही कळत नाही, सत्र संपताना हजेरीवर नजर टाकली की मग अरे ह्या ताई कुठे गेल्या असं होतं.

मी मुख्यतः इग्नू (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) आणि नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ ह्यांच्या केंद्रांवर शिकवणाऱ्यांना धरून लिहितेय, कारण तिथलं मला माहितीये. रात्रशाळा, प्रायव्हेट सर्टिफिकेट कोर्स वगैरेंना ह्यातलं बरंच लागू पडेल, जिथे फरक आहे तिथे सांगेन.

आधी दोन तारखा वेगळ्या करा

असाइनमेंटची एक तारीख विद्यापीठाची असते आणि एक तुमची. ह्या दोन्ही एकच ठेवल्या की सगळा घोळ तिथूनच चालू होतो. इग्नूचं बघा, बहुतेक अभ्यासक्रमांत असाइनमेंटला 30 टक्के आणि सत्रांत परीक्षेला 70 टक्के वजन आहे आणि दोन्हीत वेगवेगळं पास व्हावं लागतं. जूनच्या परीक्षेसाठी असाइनमेंट द्यायची तारीख पुस्तिकेत साधारण 31 मार्च किंवा 30 एप्रिल अशी असते, डिसेंबरसाठी 30 सप्टेंबर किंवा 31 ऑक्टोबर. आपल्या अभ्यासक्रमाची पुस्तिका उघडून बघायची, ग्रुपवरच्या फॉरवर्डवर जायचं नाही. ही तारीख विद्यापीठाची. ती तुमच्या हातात नाही, ना पुढे ढकलायला ना मागे ओढायला.

तुमची तारीख तिच्या किमान सहा आठवडे आधी लावा. आणि पहिल्याच संपर्कसत्रात, म्हणजे केंद्रावरच्या रविवारच्या वर्गात, फळ्यावर दोन्ही लिहून मोकळेपणाने सांगा, की बघा, ही माझी तारीख आहे, ही चुकली तर आपण बोलू, मार्ग निघेल. आणि ही विद्यापीठाची आहे, ही चुकली तर मी कितीही हळहळले तरी काही करू शकत नाही. काही शिकवणारे ही दुसरी तारीख लपवतात, म्हणजे पोरं घाबरून लवकर देतील म्हणून पहिलीच शेवटची आहे असं सांगतात. मोठ्या माणसांशी असं करू नका. त्यातला एक जण तरी वेबसाइटवर खरी तारीख शोधतो, ग्रुपवर टाकतो, आणि त्यानंतर तुम्ही सांगितलेल्या कुठल्याच तारखेवर कोणी विश्वास ठेवत नाही.

आता गंमत अशी की आपण तुमच्या-आमच्या तारखेला कडक असतो आणि विद्यापीठाच्या तारखेला ढिले. म्हणजे फेब्रुवारीत एक आठवडा उशीर झाला म्हणून ताईंना दहा जणांसमोर सुनावणार, आणि मार्चएंडला तारीख उलटून गेल्यावर त्याच ताई रडायला लागल्या की मागची तारीख टाकून पेपर आत सरकवणार. नेमकं उलटं पाहिजे. आपल्या तारखेला सैल, विद्यापीठाच्या तारखेला दगड. बाकी खाली जे काही आहे ते सगळं ह्याचंच तपशीलवार काम आहे.

वर्गातल्या माणसांचं कॅलेंडर काढा

पहिल्या सत्रात नाव-गाव-शिक्षण सगळेच विचारतात. त्यासोबत एक प्रश्न विचारा, वर्षातले तुमचे सगळ्यात गर्दीचे दिवस कुठले? कागदावर लिहून घ्या. तुम्हाला जे मिळेल ते बघून अर्ध्या उशिरांचं कारण तिथेच कळतं.

पतसंस्थेत किंवा बँकेत काम करणाऱ्याचा 31 मार्च म्हणजे काय असतो ते वेगळं सांगायला नको, वसुली, बॅलन्स, रात्री अकरापर्यंत ऑफिस, आणि नेमकी त्याच दिवशी इग्नूची तारीख आली तर तो माणूस असाइनमेंट लिहिणार कधी? अंगणवाडी सेविकांचा सप्टेंबर हा पोषण माह असतो, रोज काहीतरी उपक्रम, त्याचे फोटो, अ‍ॅपवर नोंदी, आणि महिनाअखेरीला 30 सप्टेंबर. पोलिसांचा गणपती आणि आषाढी, तेव्हा साप्ताहिक सुटीसुद्धा बंद. पोलिओचा डोस रविवारी असतो म्हणजे आशाताईंचं संपर्कसत्र गेलंच, आणि पुढचे काही दिवस घरोघरी फिरणं असतं ते वेगळं. नाशिककडे द्राक्षं जानेवारीपासून मार्चपर्यंत, मग उन्हाळ कांदा. ऊसपट्ट्यात गाळप चालू असताना तोडीची पाळी कधी येईल ते त्या शेतकऱ्यालाही माहीत नसतं. शाळेतले शिक्षक शिकायला येत असतील तर मार्चमध्ये दहावी-बारावीचे पेपर तपासणं, आणि निवडणूक लागली की ते कुठेच सापडत नाहीत.

हे सगळं एका कागदावर महिन्यांप्रमाणे मांडलं की तुमची तारीख कुठे लावायची ते आपोआप दिसतं. वर्गात सेविका जास्त असतील तर सप्टेंबर सोडाच, पहिली असाइनमेंट ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात घ्या. सगळ्यांना एकच तारीख असली पाहिजे असं कोणी सांगितलंय? विद्यापीठाची एक आहे, ती पुरे. तुमच्या तारखा दोन-तीन गटांना वेगवेगळ्या असल्या तर तपासायलाही गठ्ठा एकदम अंगावर येत नाही, हा आपला फायदा.

एक एसटीतले वाहक माझ्याकडे होते, त्यांची मुक्कामी गाडी असायची, म्हणजे संध्याकाळी आडगावात गाडी जाते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच राहतात आणि पहाटे तीच गाडी परत. ते म्हणाले मॅडम मला घरी एक ओळ लिहून होत नाही, दोन खोल्या, टीव्ही, पोरं. पण मुक्कामाला रात्री आठनंतर मी असतो आणि डास असतात. मग त्यांच्या तारखा आम्ही मुक्कामाच्या ड्युटीवर बसवल्या. ज्या आठवड्यात मुक्काम त्या आठवड्यात एक प्रश्न, मुक्काम नाही तर काही नाही. त्यांचे फुलस्केप यायचे ते एका बाजूला थोडे चुरगळलेले, मांडीवर तिकिटाच्या मशिनची पेटी ठेवून त्यावर लिहिलेले, पण यायचे. त्यांना जर मी दर रविवारी एक प्रश्न आणाच म्हणाले असते तर अर्धे रविवार हात हलवत आले असते, नाहीतर आलेच नसते.

कारण विचारू नका, सूट आधीच देऊन टाका

हे बऱ्याच लोकांना पटत नाही पण माझं मत पक्कं आहे. प्रत्येकाला सत्रात दोन सवलती द्या, कारण न विचारता. एक सवलत म्हणजे तुमच्या तारखेपासून दोन आठवडे जास्त. वापरायची असेल तर तारखेच्या आधी फक्त एक मेसेज टाकायचा, "मॅडम पहिली सवलत घेतो", बास.

कारण का नको? कारण मागितलं की ज्याला छान बोलता येतं त्याला मुदत मिळते. आजारी काका, पाव्हण्यांचं लग्न, गाडीचा अपघात, सगळं रंगवून सांगणारे असतात, आणि मागच्या बाकावर एक बाई गप्प बसलेली असते, तिच्या घरी रात्री काय होतं ते ती तुम्हाला वर्गात उभी राहून सांगणार नाही, नवऱ्याला न सांगता फी भरलीय हेही नाही सांगणार, ती नुसती "राहिलं सर" म्हणेल आणि तुम्ही तिला आळशी समजाल. दुसरं म्हणजे आपण कारण ऐकलं की ते खरं की खोटं ह्याचा न्याय करायला बसतो, आणि मग पुरावा मागणं येतं. सासऱ्याच्या दहाव्याची पत्रिका दाखवा असं म्हणणारे महाभाग मी पाहिलेत. पन्नाशीच्या माणसाकडे असलं मागताना आपल्याला लाज वाटायला पाहिजे.

दोन संपल्या की मग मात्र बोलायचं. तिसऱ्यांदा उशीर म्हणजे तिथे काहीतरी वेगळं आहे आणि ते बहुतेक वेळा वेळेचं नसतं. त्यावर खाली लिहिलंय.

वेळेवर देणाऱ्यांचं काय, हा प्रश्न बरोबर आहे आणि तो वर्गातूनच येतो. आम्ही रात्री जागून लिहिलं, त्यांना दोन आठवडे जास्त, मग आम्ही काय वेडे? ह्याला उत्तर मार्क कापण्यात नाहीये. विद्यापीठाच्या तारखेच्या आत आलेल्या असाइनमेंटचे उशिरासाठी मार्क कापायचा अधिकार केंद्रावरच्या समंत्रकाला, म्हणजे शिकवणाऱ्याला, सहसा नसतोच, तुम्ही मनाने कापलेत आणि कोणी तक्रार केली तर अवघड जाईल. फरक वेगळ्या जागी करा. वेळेवर आलेली असाइनमेंट पुढच्या रविवारपर्यंत तपासून, प्रत्येक प्रश्नाखाली सविस्तर शेरे लिहून परत द्यायची, काय कमी आहे, परीक्षेत हाच प्रश्न आला तर कुठला मुद्दा आधी घ्यायचा, सगळं. उशिरा आलेली नंतर सवडीने तपासायची, मार्क प्रामाणिकपणे जेवढे आहेत तेवढेच, शेरे थोडक्यात. असाइनमेंट ही मुळात मार्कांपेक्षा त्या शेऱ्यांसाठी असते, दूरशिक्षणात शिकवण्याची तीच एक खरी जागा. माणसांना ते एकदा कळलं की लवकर देण्याची ओढ आपोआप लागते, निदान काहींना तरी.

तुमचा स्वतःचा कोर्स असेल, क्लास असेल, नियम तुमचेच असतील, आणि मार्क कापायचेच असतील तर कापा, पण दिवसाला अमुक टक्के असं करू नका. नोकरी करणाऱ्याला लिहायला रविवार मिळतो. सोमवारी चुकलं की शनिवारपर्यंत तो काही करू शकत नाही, मग मधले पाच दिवस कापून तुम्ही नेमकं काय शिकवलंत? आठवड्याचा हिशोब ठेवा, आणि एक खालची मर्यादा ठेवा, म्हणजे कितीही उशीर झाला तरी चांगल्या कामाला पास होण्याइतके मार्क मिळतील. नाहीतर चौथ्या आठवड्यानंतर द्यायला काही कारणच उरत नाही.

मेसेज कसा टाकायचा

आता ह्यात गंमत आहे. वयाने तुमच्याहून मोठा माणूस तुम्हाला सर किंवा मॅडम म्हणतो, घरी तो दोन नातवंडांचा आजोबा आहे, आणि तुम्ही ग्रुपवर टाकता, "खालील विद्यार्थ्यांनी अद्याप असाइनमेंट जमा केलेल्या नाहीत", त्याखाली नऊ नावं. त्या ग्रुपात त्याच्या ऑफिसातला ज्युनिअर पण आहे. संपलं. थकबाकीदारांची यादी ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावतात तसं हे वाटतं लोकांना, आणि वाटणारच.

ग्रुपवर फक्त तारीख आणि किती जणांचं आलंय ते टाका. ज्यांचं राहिलंय त्यांना वेगळा मेसेज. माझा साधारण असा असतो:

"नमस्कार दादा, 12 तारखेची मराठीची असाइनमेंट माझ्याकडे आलेली नाही. सवलत घेणार असाल तर नुसतं हो कळवा, 26 पर्यंत चालेल. एखादा प्रश्न अडला असेल तर कुठला ते सांगा, रविवारी अर्धा तास आधी येते मी."

ह्यात का नाही दिलं हे कुठेच विचारलेलं नाही, आणि उत्तर एका शब्दात देता येतंय. डबल टिक निळी झाली तरी उत्तर आलं नाही तर लगेच दुसरा मेसेज टाकू नका, तीन-चार दिवसांनी फोन करा. फोन संध्याकाळी सात ते आठ ह्या वेळात बायकांना करू नका, स्वयंपाक, पोरांचा अभ्यास, आणि फोन बहुतेक वेळा घरातलं दुसरंच कोणीतरी उचलतं. दुपारी दोन-तीनला बरं पडतं. दुसरं कोणी उचललं तर असाइनमेंट राहिलीय असं सांगू नका, "केंद्रावरून बोलतेय, ताईंना सांगा फोन करायला" एवढंच.

आणि अहो-जाहोच. ग्रुपवर, फोनवर, वर्गात, वहीवरच्या शेऱ्यातसुद्धा. "अभ्यास कर" असं लाल पेनाने लिहिलेली वही त्या माणसाचा दहावीतला मुलगा बघतो घरी.

तिसऱ्यांदा उशीर झाला की

बाजूला बसवून दहा मिनिटं बोला आणि एकच गोष्ट शोधून काढा, ह्यांना वेळ मिळत नाहीये की लिहिता येत नाहीये? तोंडावर दोघंही "वेळच मिळत नाही" असंच सांगतात. कारण वेळ नाही म्हणण्यात कमीपणा नाही, लिहिता येत नाही म्हणण्यात आहे.

बारावीनंतर पंधरा-वीस वर्षांनी पेन हातात घेतलेल्या माणसाचा हात खरंच चालत नाही. एक पान झालं की बोटं दुखतात. शुद्धलेखनाची भीती, वाक्य कुठून चालू करायचं ते सुचत नाही, पुस्तकातली भाषा जड, आणि इग्नूचं साहित्य कित्येक विषयांत इंग्रजी-हिंदीत. असा माणूस रोज रात्री वही उघडतो, प्रश्न उतरवून घेतो, आणि वही मिटतो. ओळखायचं कसं? त्याची वही मागा. पहिल्या पानावर प्रश्न सुवाच्य अक्षरात लिहिलेला आहे, खाली "उत्तर:" असं अधोरेखित, आणि पुढे कोरं, असं पान दिसलं की समजायचं.

अशा वेळी मुदत वाढवून काही होत नाही, आणखी दोन आठवडे वही तशीच उघडते आणि मिटते. त्याला तोंडी विचारा, प्रश्न काय आहे तुमच्या शब्दात सांगा. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नाच्या साधनांवरचा प्रश्न असेल तर तो माणूस घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार कर धडाधड सांगतो, कारण तो ग्रामपंचायतीत शिपाई आहे, त्याने घरपट्टीच्या पावत्या घरोघरी नेऊन दिल्यात. हेच मोबाइलवर रेकॉर्ड करायला सांगा, मग घरी ऐकत ऐकत लिहायचं. पहिला परिच्छेद तुमच्यासमोर वर्गातच लिहून घ्या, कितीही वाकडा असो. एकदा पान काळं झालं की पुढचं तो लिहितो. संपर्कसत्रातली शेवटची पंचवीस मिनिटं सगळ्या वर्गालाच असं लिहायला दिलीत तर अजून चांगलं, मग कोणाला वेगळं काढल्यासारखं होत नाही.

पहिली असाइनमेंट छोटी ठेवण्याचं कारणही हेच. विद्यापीठाचे प्रश्न बदलता येत नाहीत पण तुकडे करता येतात. सत्र सुरू झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी फक्त एकच छोटा प्रश्न मागा, एक पान. कोण अडणार आहे ते तुम्हाला तेव्हाच कळतं, मार्चमध्ये कळून उपयोग नसतो.

जोतिराव आणि सावित्रीबाईंनी 1855 साली पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली होती, म्हणजे दिवसभर राबून शिकायला येणारा विद्यार्थी आपल्याकडे काही काल-परवा आलेला नाही. नियम मात्र आपण अजून दिवसाच्या शाळेचेच लावतो, असो.

उशिरा आलेलं आणि उतरवलेलं

शेवटच्या आठवड्यात येणाऱ्या गठ्ठ्यात चार-पाच असाइनमेंट एकाच गाइडमधून आलेल्या असतात, किंवा केंद्राशेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे तयार मिळते त्यातून. अक्षर वेगळं, चुका त्याच. एकाने "लोकसंख्या" चुकीचं लिहिलं की पाचही जणांत तीच चूक. ह्यावर ओरडून काही होत नाही, आणि शेवटच्या आठवड्यात नव्याने लिहायला वेळही नसतो. मी असं करते, असाइनमेंट घेते, आणि घेतानाच उभ्या उभ्या दोन प्रश्न विचारते. ह्यातलं तुमच्या गावातलं एक उदाहरण सांगा. सांगितलं तर त्याच पानाच्या खाली चार ओळीत ते त्यांच्याकडून लिहून घेते आणि तेवढ्याचे मार्क मनापासून देते, उतरवलेल्या भागाचे कमी. नाही सांगता आलं तर विद्यापीठाच्या तारखेला अजून जागा असेल तेव्हा तो एकच प्रश्न परत लिहायला देते, सगळी असाइनमेंट नाही.

हाताने लिहिलेलंच हवं असा आग्रह बहुतेक ठिकाणी असतो, तेव्हा टाइप केलेलं घेऊन बसू नका, नंतर वर अडकतं. काही केंद्रं आता स्कॅन करून ऑनलाइन घेतात, तिथे उशिराचं एक नवीनच कारण तयार झालंय, फाइलच जात नाही. रात्री साडेअकराला चाळीस पानांचे चाळीस फोटो, त्यातले सहा उलटे, दोन अंगठ्याने झाकलेले. सत्राच्या सुरुवातीलाच एक दिवस सगळ्यांच्या फोनवर स्कॅनचं अ‍ॅप टाकून, प्रत्येकाकडून एक पानाची पीडीएफ करून तुम्हाला पाठवून घ्या. फाइलला नाव नोंदणी क्रमांकाचं द्यायचं, "असाइनमेंट फायनल नवीन" असं नाही. ज्यांच्याकडे तसा फोन नाही त्यांची जोडी कोणाशी तरी लावून द्या.

पोच द्या, नोंद ठेवा

हे कंटाळवाणं आहे पण सगळ्यात जास्त भांडणं ह्यावरून होतात. "मी तर शिपायाकडे दिली होती." शिपाई म्हणतो मला आठवत नाही. त्यामुळे हातात घेतलेल्या प्रत्येक असाइनमेंटची पोच द्यायची, विषयाचा कोड, तारीख, सही, केंद्राचा शिक्का. विद्यार्थ्याला त्या पोचेचा तिथेच फोटो काढायला सांगा. तुमच्याकडे एक वही, नाव, विषय, ठरलेली तारीख, सवलत घेतली का, प्रत्यक्ष आली कधी, वर पाठवली कधी. कारण लिहायचा रकाना ठेवू नका. आणि विद्यार्थ्याला सांगा, द्यायच्या आधी स्वतःच्या असाइनमेंटची झेरॉक्स नाहीतर फोटो ठेवायचेच, गठ्ठे हरवतात.

विद्यापीठाची तारीख जवळ आली की

आता इथे उलट वागायचं. शेवटच्या तीन आठवड्यांत सवलत नाही. हेही पहिल्याच दिवशी सांगितलेलं असलं पाहिजे.

ह्या काळात ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो, "मुदतवाढ येणार ना?" येते, इग्नूची बऱ्याचदा येते हे सगळ्यांना माहितीये, म्हणूनच लोक थांबतात. तुम्ही "बहुतेक येईल" असं कधीही लिहू नका. तुमच्यासाठी तो अंदाज असतो, त्यांच्यासाठी ते आश्वासन होतं. विद्यापीठाच्या वेबसाइटवर परिपत्रक आलं की त्याची लिंक टाका, स्क्रीनशॉट नाही, स्क्रीनशॉट मागच्या वर्षीचे पण फिरतात. परिपत्रक आलं नाही तोपर्यंत तारीख आहे तीच.

आणि तारीख गेली की गेली. कोणाचा तरी फोन येतो, नगरसेवकांच्या ऑफिसातून बोलतोय, आमची वहिनी आहे, तेवढं मागच्या तारखेत बसवा. नम्रपणे, आवाज न चढवता, "नोंदवही रोजच्या रोज बंद होते साहेब, माझ्या हातात नाही" एवढंच सांगायचं आणि परत परत तेच सांगायचं. एकाची बसवलीत की दुसऱ्या दिवशी अख्ख्या बॅचला कळतं, आणि ज्या सेविकेने पोषण माहात रात्री बारापर्यंत जागून तारीख पाळली तिला तुम्ही काय तोंड दाखवणार?

नाही म्हणताना पुढचं काय तेही त्याच दमात सांगा, नाहीतर माणूस समजतो वर्ष वाया गेलं, संपलं सगळं. इग्नूत बीए किमान तीन वर्षांचं असलं तरी सहा वर्षांपर्यंत करता येतं, एमए दोनचं चारपर्यंत. म्हणजे एका विषयाची असाइनमेंट राहिल्याने पदवी बुडत नाही, तो विषय पुढे जातो, असाइनमेंट आणि परीक्षा दोन्ही पास झाल्याशिवाय तो पूर्ण धरत नाहीत इतकंच. पण एक गोष्ट ठासून सांगा, असाइनमेंटचे प्रश्न वेळोवेळी बदलतात, तेव्हा लिहून ठेवलेला जुना गठ्ठा पुढच्या वेळी चालतोच असं नाही, द्यायच्या आधी कव्हरवर छापलेलं सत्र बघायचं. बरेच जण जुनंच परत आणून देतात आणि नाकारलं की दुसऱ्यांदा निराश होतात.

माझा मेसेज असा जातो:

"ताई, तारीख गेली, आता ही असाइनमेंट मला घेता येणार नाही. बाकीचे तीन विषय जमा आहेत, त्यांच्या परीक्षेचा फॉर्म भरा, तारीख चुकवू नका. ह्या विषयाचे नवे प्रश्न आले की मी तुम्हाला पाठवते आणि पहिल्या रविवारी बसून पहिला प्रश्न लिहू."

हे शेवटचं वाक्य लिहिलंत तर पाळा. ज्यांचं राहिलं त्यांची नावं नोंदवहीच्या मागच्या पानावर फोन नंबरसकट लिहून ठेवा, नवीन पुस्तिका वेबसाइटवर आली की त्याच आठवड्यात त्यांना प्रश्न पाठवा, पीडीएफ उघडत नसेल तर झेरॉक्स काढून केंद्रावर ठेवा आणि कुठल्या कपाटात ठेवलीय ते शिपायाला सांगून ठेवा, रविवारी तुम्ही नसलात तरी त्यांना मिळाली पाहिजे.